सातव्या शतकातलं कुंड

शनिवारी सकाळी टेम्पो चर्चच्या आवारात उलटा येऊन लागला. मागची फळी खाली पडली आणि आत गच्च भरलेलं गवत दिसलं. पाळक भिंगारदिवे माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या आढावसर, तुमच्या विद्वत्तेची वरात आली."

मी ओशाळं हसलो. वरात खरोखर माझीच होती. आमच्या वडदऱ्याच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड मुंबईच्या एका नव्या संग्रहालयात न्यायला तो टेम्पो आला होता, आणि ते कुंड एवढं मोलाचं आहे हे साऱ्या जगाला ओरडून सांगणारा मीच होतो. आमच्यात लेकराच्या डोक्याला पाणी लावून त्याला मंडळीत घेतात, तो बाप्तिस्मा. ते पाणी ज्यात ओततात ते कुंड. आमचं कुंड काळ्या दगडाचं, लांबट, गुडघ्याएवढं उंच, चुन्याच्या ओट्यावर बसवलेलं. वडदऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीतलं प्रत्येक माणूस त्याच्यापाशी एकदा तरी भोकाड पसरून रडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती. बिशपसाहेब येणार होते, मला शाल मिळणार होती आणि रूथआत्याच्या पणतूचा बाप्तिस्मा होणार होता. टेम्पो यायचा होता सोमवारी. पण तो नगरला कुणाचं तरी सामान टाकून रिकामा परत चालला होता, म्हणून भाडं वाचवायला चर्चच्या मंडळाने त्याला शनिवारीच वाट वाकडी करून पाठवलं. देवाच्या कामातसुद्धा आपली माणसं रिकामा टेम्पो सोडत नाहीत.

आता हे सगळं माझ्यामुळे कसं झालं ते सांगायला हवं.

मी तेव्हा नगरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. वय चौतिशीचं, म्हणजे स्वतःबद्दल गैरसमज पक्के व्हायचं. एका जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला थॉर्नटनसाहेबाचं पुस्तक मिळालं. हा पाद्री शंभर वर्षांपूर्वी आमच्या गावात होता. त्यानेच चर्च बांधलं. गावाला काही थॉर्नटन म्हणता येईना, म्हणून लोकांनी त्याचा थोरातसाहेब करून टाकला होता. साहेबाला दोन गोष्टींचं वेड होतं, एक देव आणि दुसरं जुने दगड. पंचक्रोशीतला एकेक दगड त्याने मोजला होता, आणि दर दोन पानांनी त्याला विलायतेतलं आपल्या बापाचं चर्च आठवे. तिथल्या घंटेचं वजन, खिडकीची रुंदी, कुठल्या सरदाराची कबर कुठल्या भिंतीला आहे, सगळं येई. वडदऱ्यात राहणारी माणसं मात्र त्या जाडजूड पुस्तकात कुठेच नव्हती. फार तर 'एका वृद्ध नेटिवाने सांगितले' एवढंच.

त्या वृद्ध नेटिवाने साहेबाला सांगितलं होतं की हे कुंड शेतात नांगरताना सापडलं, आणि फार पूर्वी पूर्वेकडून पांढरे कपडे घातलेले लोक आले होते, ते पोरांना पाण्यात बुडवून काहीतरी म्हणत, त्यांचं ते. झालं. साहेबाने अकरा पानं लिहून काढली. सहाव्या-सातव्या शतकात कल्याण बंदरात ख्रिस्ती लोक होते असं जुने प्रवासी लिहून गेलेत. साहेबाने त्यांना तिथून घाट चढवून वडदऱ्यात आणलं. आणि मी, शांतवन आढाव, एम. ए., मी त्यांना गावात घरं बांधून दिली.

मी बायकोचा, कुंदाचा, शिवणाचा टेप घेऊन चर्चमध्ये जाऊ लागलो. कुंडाची लांबी, रुंदी, खोली. एका बाजूला कोरलेला वेडावाकडा क्रूस. कडेवर दोन गुळगुळीत खळगे, हे साहेबाच्या मते पवित्र तेलाच्या दिव्यांसाठी. मी वर्तमानपत्राचा कागद लावून, कोळसा घासून त्या क्रूसाचे ठसे घेतले. चर्च विकायला काढलंय अशी बातमी त्यामुळे आठवडाभर गावात फिरत होती. साहेबाची भाषाही मला चढली. 'नम्रपणे असे सुचवावेसे वाटते की' हे त्याचं लाडकं वाक्य. मी एकदा जेवताना म्हणालो, नम्रपणे असं सुचवावंसं वाटतं की आमटीत मीठ कमी आहे. कुंदाने मिठाची बरणी माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, हे घ्या तुमचं सातवं शतक.

लेख एका त्रैमासिकात छापून आला. तळटिपा लेखापेक्षा लांब होत्या. गावात त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, पोरांनी शाळेत फुशारकी मारली, आणि चार महिन्यांनी मुंबईहून डॉ. जयवंत आल्हाट यांचं पत्र आलं. संग्रहालय त्यांच्याकडे होतं. चर्चची मालकी गावाची नव्हे, मंडळाची. मंडळाने परवानगी देऊनही टाकली होती. पत्रात शेवटी लिहिलं होतं की आपल्या लेखाशिवाय हे रत्न अंधारातच राहिलं असतं. मी ते पत्र फ्रेम करणार होतो, तेवढ्यात 'हलवण्यात येईल' हा शब्द नीट वाचला.

तर शनिवारची सकाळ. आल्हाटसाहेब टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरले. माझी फार इच्छा होती की हा माणूस आगाऊ, उर्मट निघावा, म्हणजे भांडायला सोपं जाईल. पण ते पन्नाशीचे, मवाळ, खादीचा झब्बा घातलेले गृहस्थ निघाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मला भेटून कृतार्थ वाटलं म्हणाले. माझ्या मागे पताका लावणारी आमची तरुण पोरं-पोरी उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते असं असतं.

पोरांनी पहारी लावून कुंड ओट्यावरून सोडवलं आणि सगळ्यांनी मिळून खाली फरशीवर उतरवलं. नेमकी त्याच वेळी रूथआत्या आली.

रूथआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मिशन हॉस्पिटलात मेट्रन होती. निवृत्त होऊन माहेरी येऊन राहिली तरी मेट्रनपण काही निवृत्त झालं नव्हतं. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. ती काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. ती दारातच थांबली, खाली उतरवलेल्या कुंडाकडे तिने बराच वेळ बघितलं आणि पाळकांना विचारलं, "उद्या करुणाच्या पोराचा बाप्तिस्मा कशात करणार?"

पाळक चाचरत म्हणाले की पाणी महत्त्वाचं, भांडं नाही. शास्त्रात तसं कुठं बंधन नाही. एखादं स्वच्छ स्टीलचं पातेलंही चालेल.

"माझा बाप, मी, माझी लेक, लेकीची करुणा, सगळ्यांच्या डोक्याला याच दगडातलं पाणी लागलंय," आत्या म्हणाली. "माझ्या पणतूच्या डोक्याला वरणाच्या पातेल्यातलं लागायचं नाही. शांत्या, हा दगड इथून हलता कामा नये. तू घालवतोयस, तूच ठेव."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आढाव यांच्या सिद्धांताविरुद्ध बोलायला उभा राहिलो.

मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, नम्रपणे असं सुचवावंसं वाटतं की तो क्रूस मागाहूनही कोरलेला असू शकेल. आल्हाटसाहेबांनी पिशवीतून माझा लेख काढला. त्यावर लाल रेघा होत्या. ते कौतुकाने म्हणाले, ही शंका आपणच किती सुंदर खोडून काढली आहे, आणि वाचून दाखवलं, "'हा क्रूस मागाहून कोरला असावा अशी शंका केवळ आळशी अभ्यासकालाच येऊ शकते.'"

तो आळशी अभ्यासक घाम पुसत उभा होता. मी म्हटलं, बरं, पण दगड तर इथलाच, साधा काळा. त्यांनी पान उलटलं. त्यावर माझी तळटीप होती, दगड स्थानिक असणं हाच अस्सलपणाचा पुरावा कसा ठरतो याबद्दल. मी खळग्यांकडे वळलो. त्यावर तर मी दीड पान खर्ची घातलं होतं. जिथं पळायला जावं तिथं माझंच कुंपण. पोरं आधी गंभीरपणे ऐकत होती, मग एकेकाला खोकला येऊ लागला. शेवटी आल्हाटसाहेबच कळवळून म्हणाले, सर, गावाच्या प्रेमापोटी आपण स्वतःवर अन्याय करताय.

आत्याने काठीने माझ्या पोटरीला टोचलं आणि मला पाळकांच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं. मी खुर्चीत बसलो, ती उभीच राहिली.

"तो क्रूस माझ्या आजोबानं कोरलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, कुठल्या आजोबानं?

"मला आजोबा किती होते? गेनूबाबानं. तुझ्या पणजोबानं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा गेनूचा गिदोन झाला, तो. तुझा वृद्ध नेटिव तोच. वृद्ध कसला, ऐन तिशीत होता."

तिने जे सांगितलं ते असं. ते कुंड म्हणजे पाटलाच्या विहिरीवरची डोणी. गुरांना पाणी पाजतात ती दगडी डोणी. आमच्या वस्तीला विहिरीवर चढायची बंदी होती. माणसं आणि गुरं दोन्ही खालीच थांबायची, वरून कुणाला दया आली तर तो पोहरा ओतायचा. पुढे मिशनने वस्तीत वेगळी विहीर खोदली. तेव्हा गेनूबाबा पाटलाकडे गेला आणि ती डोणी मागितली. आमच्या हातांनी विटाळलेली, दुसऱ्या कुणाला चालणारी नव्हती. पाटलाने फुकट दिली. त्याच सुमारास चर्च उभं राहत होतं. साहेबाने कुंडासाठी विलायतेहून संगमरवर मागवायचं ठरवलं होतं. गेनूबाबा म्हणाला, साहेब, कुंड म्हणून ही डोणी बसवा. साहेब लालबुंद झाला. देवाच्या घरात गुरांची डोणी?

"मग बाबानं काय केलं?" मी विचारलं, पण मला उत्तर कळायला लागलं होतं.

"बाबा चार वर्षं साहेबाच्या मागं टेप धरून हिंडला होता. साहेबाला काय आवडतं ते त्याला पाठ होतं. नवं म्हटलं की साहेब नाक मुरडी, जुनं म्हटलं की विरघळे. त्यानं डोणीवर छिन्नीनं क्रूस कोरला, मुद्दाम वाकडा. दही चोळलं, राख चोळली, पावसाळाभर उकिरड्यात पुरून ठेवली. मग एक दिवस नांगराला लागली म्हणून बोंब ठोकली. पांढऱ्या कपड्यांची माणसं वगैरे मागाहून सुचलं असेल. तसा तो बोलायला पटाईत होता."

मी माझ्या लेखात त्या क्रूसाबद्दल 'बारा शतकांच्या ऊनपावसाने आलेली अभिजात झीज' असं लिहिलं होतं. बारा शतकं म्हणजे दही, राख आणि एक पावसाळा. पणजोबाने साहेबाला टोपी घातली होती. साहेब बिचारा ती घालून विलायतेला गेला, तिथेच मेला. आणि शंभर वर्षांनी तीच टोपी, मापात कुठेही कमी-जास्त न होता, माझ्या डोक्यावर येऊन बसली.

मी म्हणालो, आत्या, मी वर्षभर या दगडाभोवती फिरतोय. तू मला आधी का नाही सांगितलंस?

"तू विचारलंस का? आलास, टेपरेकॉर्डर लावलास आणि दोन तास तूच बोललास. ऐक कधीतरी ती कॅसेट. माझा आवाज एकदाच आहे, चहा घेणार का म्हणून."

मग ती खुर्चीत बसली. आवाज खाली आला. म्हणाली, तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबाने, सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पोरांना हे सांगायचं नाही. पोरं शाळेत पाटलाच्या पोरांशेजारी बसतात, त्यांनी साहेबाची गोष्ट सांगावी, मान वर करून सांगावी. डोणीचं आपल्यापाशीच संपू दे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, आणि एकेक म्हातारा ते घेऊनच मातीत जात होता.

"बाहेर ती पोरं उभी आहेत," आत्या म्हणाली. "सांगितलं तर त्यांना कळणार, आपल्या माणसांनी कुठं पाणी प्यायलं. नाही सांगितलं तर दगड जाणार. माझ्या बापाचा शब्द मोडू का दगड सोडू, हे मला सकाळपासून कळेना."

मला तिचं हे असं बोलणं ऐकवेना. साऱ्या हॉस्पिटलला धाकात ठेवलेली बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं शालीसाठी होतं, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, शब्द तुझ्या बापाला तू दिलास, मी नाही. मी सांगतो.

"सांग," ती म्हणाली. "लोक तुझं ऐकतात का, मलाही बघायचंय."

मी बाहेर आलो. कुंडाला काथ्याचे दोर बांधून झाले होते. मी आल्हाटसाहेबांसमोर, पाळकांसमोर आणि त्या पोरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डोणी, विहीर, वरून ओततात ते पाणी, गेनूबाबा, दही, राख. साहेब मूर्ख ठरला आणि त्याच्यामागून मी दुप्पट मूर्ख ठरलो, हेही सांगितलं. मला वाटलं, आता सगळे सुन्न होतील.

आल्हाटसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, गावासाठी आपलं सारं संशोधन पाण्यात घालायला निघालेला अभ्यासक मी आजवर पाहिला नाही, पण सर, हे पटण्यासारखं नाही. उकिरड्यात पुरून अशी झीज येत नाही, असं आपण स्वतःच...

पोरांनाही पटलं नाही. एकजण तर मला बाजूला घेऊन म्हणाला की सर, थाप चांगली आहे, पण दह्याचं जरा जास्त झालं. वर्षभर मी त्यांना धडधडीत खोटं सांगत होतो ते त्यांनी पाठ केलं होतं. आज पहिल्यांदा खरं बोललो तर थाप.

तेव्हा आत्या खोलीतून बाहेर आली. तिने काठी एका पोरीच्या हातात दिली, बूट काढून ठेवले आणि फरशीवर उतरवलेल्या त्या कुंडापाशी उकिडवी बसू लागली. गुडघे दुखायचे तिचे. करुणा धरायला धावली, तिला तिने मानेनेच नको म्हटलं. ती बसली. मान खाली घातली. दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडापाशी नेली आणि कोपरं डोणीच्या कडेवर टेकवली.

कोपरं बरोबर त्या दोन खळग्यांत बसली.

पवित्र तेलाच्या दिव्यांचे ते खळगे. आत्या तशीच, मान खाली घालून, रिकाम्या ओंजळीने बसून राहिली.

"असं बसायचं," ती खाली बघतच म्हणाली. "वर बघायचं नाही. वरून ओततील तेवढं प्यायचं. ओंजळीतून सांडेल ते डोणीत साचायचं, ते गुरांना. माझ्या आजीनं मला करून दाखवलं होतं, मी परकरात असताना. आजीची आजी पण इथंच बसली असेल. नाहीतर दगड असा झिजतो होय?"

वस्तीतले दोन-तीन म्हातारे बाकांवर बसलेले होते. त्यातल्या एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यावरून पोरांना कळलं. पताका धरलेल्या पोरीने पताका खाली ठेवली. मघाशी माझ्या बोलण्याला थाप म्हणणारा पोरगा आत्याशेजारी खाली बसला आणि त्याने एका खळग्यावर बोट फिरवलं. त्याची मान काही मला खाली गेलेली दिसली नाही. माझ्या आजोबांनी उगाच घोर केला होता.

माझा लेख आल्हाटसाहेबांच्या हातातच राहिला होता. त्यांचं गाव कुठलं, घराणं कुठलं मला ठाऊक नव्हतं. पण ते आत्याकडे ज्या तऱ्हेने बघत होते त्यावरून त्यांच्याही घरात कुणी आजी असं बसून दाखवणारी असावी. ते म्हणाले, "बाई, मग तर हे न्यायलाच हवं. हे लोकांनी बघायला हवं."

"तुमच्याकडं याच्यात पाणी घालतील का?"

"नाही. काचेच्या पेटीत राहील."

"लोकांना हात लावू देतील?"

ते हळूच म्हणाले, "तशी पाटी असते. हात लावू नये म्हणून."

"मग राहू द्या," आत्या म्हणाली. "हात लावू नका, हे या डोणीपाशी पुष्कळ ऐकलंय आम्ही."

आल्हाटसाहेबांनी स्वतः खाली बसून दोर सोडले. गाठी ओल्या काथ्याच्या, त्यांची नखं तुटली. टेम्पोवाला कुरकुरला, त्याला गवतासकट रिकामंच परत जावं लागणार होतं. मंडळाला त्यांनी तिथेच पत्र लिहिलं. कुंडाच्या प्राचीनत्वाबद्दल गंभीर शंका निर्माण झाली असून मूळ लेखकाने आपलं मत मागे घेतलं आहे. लेखकाने खाली सही केली. त्या सहीनंतर त्रैमासिकाने माझा एकही लेख छापला नाही, ही त्यांची समजदारी.

शताब्दीची स्मरणिका मात्र आधीच छापून आलेली होती आणि तिच्या मधल्या पानावर सातवं शतक डौलात उभं होतं. पाळकांनी विचारलं, शुद्धिपत्र लावायचं का? आत्या म्हणाली, राहू दे तसंच, थोरातसाहेबाला वाईट वाटेल.

रविवारी बिशपसाहेब आले. त्यांना आदल्या दिवशीचं काहीच ठाऊक नसावं. त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि वडदऱ्याच्या प्राचीन परंपरेचा शोध लावल्याबद्दल माझे आभार मानले. पोरांनी आदल्या दिवसापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या, शिट्टीही एक आली. मी मान लववून त्यांचा स्वीकार केला. दुसरं काय करणार?

डोणी आम्ही ओट्यावर परत चढवली नव्हती. आत्याने नको म्हटलं. ती खाली फरशीवरच होती, वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याने भरलेली. आल्हाटसाहेब मुंबईला गेले नव्हते. ते मागच्या बाकावर, माझ्या आणि आत्याच्या मधे बसले होते. करुणा लेकराला घेऊन पुढे गेली. पाळक गुडघ्यांवर बसले, कारण डोणी खाली होती.

आल्हाटसाहेब आत्याकडे झुकून म्हणाले, "कालपासून एक विचारायचं राहिलंय. साहेब संगमरवर देत होता, तोही फुकट. मग तुमच्या आजोबांनी एवढा खटाटोप करून हीच डोणी का आणली? मी असतो तर फोडून टाकली असती."

आत्याने नुसतं पुढे बोट केलं.

पाळकांनी अस्तनी मागे सारली, डोणीतल्या पाण्यात हात बुडवला आणि ओला हात लेकराच्या डोक्यावर ठेवला. लेकराने चर्च डोक्यावर घेतलं.

"हे बघायला," आत्या म्हणाली. "वरून ओतणारे पुष्कळ होते. त्या पाण्यात हात घालून तोच हात आपल्या डोक्याला लावील असं कुणी नव्हतं. बाबाला साहेबाचा हात त्या डोणीत बुडालेला बघायचा होता. बघितला त्यानं. माझ्या बापाचा बाप्तिस्मा साहेबानंच केला."

ती उठली, पुढे जाताना माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली आणि तिने पणतूचं डोकं पुसलं. सन्मानाची शाल माझ्याकडे असेल पाव तास. आजही ती करुणाच्या घरी आहे, धुऊन धुऊन विरलेली.

गीत सुरू झालं. आल्हाटसाहेब बाकावरून उठले, डोणीपाशी गेले, खाली बसले आणि त्यांनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. कुणी सांगितलं नव्हतं, शास्त्रातही तसं कुठे नाही. मग टोपी काढलेला तो म्हातारा गेला. मग पोरं गेली. मीही गेलो. त्या दगडाची लांबी, रुंदी, खोली मला तोंडपाठ होती. पाण्यात हात तेवढा कधी घातला नव्हता.